एकाच लॉटचे तीन रिपोर्ट, तीन आकडे: शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गटातल्या शेतकऱ्यांचा मिळून आठ टन शेंगदाणा गोदामात आहे, ५० किलोच्या १६० गोण्या. चिक्की आणि पीनट बटर करणारा खरेदीदार म्हणतो, एकूण अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीनं तयार केलेलं विष, १० पीपीबीच्या (अब्ज भागांत दहा भागांच्या) आत असल्याचा रिपोर्ट दाखवा. तुम्ही थप्पीच्या वरच्या एका गोणीतून दीड किलो दाणे काढले, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या तीन पिशव्या भरल्या आणि तीन प्रयोगशाळांना पाठवल्या. एकीनं ३ लिहिलं, दुसरीनं ४१, तिसरीनं ‘आढळले नाही’. आता तुम्ही विचारताय की खोटी कोण, आणि पट्टीची चाचणी किंवा ऑनलाइन मिळणारी यूव्ही टॉर्च घेऊन घरच्या घरी मोजलं तर भागेल का.

तिन्ही प्रयोगशाळा प्रामाणिक असण्याची शक्यता बरीच आहे. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत माझं बरंचसं आयुष्य शेंगदाणा, मका आणि मिरची दळण्यात गेलं आणि असे रिपोर्ट घेऊन तावातावानं आलेले लोक मी खूप पाहिलेत. भांडण बहुतेक वेळा मशीनशी नसतं. ते पोत्याशी असतं. ‘कोणती लॅब बरोबर’ हा तुमचा खरा प्रश्नच नव्हे. एका गोणीतले अर्धा किलो दाणे १६० गोण्यांबद्दल काही सांगू शकतात का, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधी सांगतो. माल कुठे जाणार यावर मर्यादा ठरते. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला एकूण अफ्लाटॉक्सिन १० आणि पुढे प्रक्रिया होणाऱ्याला १५ मायक्रोग्रॅम प्रति किलो आहे. पीपीबी म्हणजे तेच. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला बी१ या अफ्लाटॉक्सिनच्या एका प्रकारासाठी २ आणि एकूण ४, तर निवडणी किंवा इतर प्रक्रिया बाकी असलेल्या मालाला ८ आणि १५. अमेरिकेची अन्न-औषध नियामक एफडीए २० ला कारवाई करते. त्यामुळे ‘पास’ हा शब्द मर्यादा लिहिल्याशिवाय निरर्थक आहे. दुसरं, माल निवडलेला आहे की यंत्रातून निघाला तसाच गोणीत भरलाय. तिसरं, तो एकाच भागातला आहे की पाच गावांचा मिसळलेला. तुमच्या लिहिण्यावरून मिसळलेला आणि न निवडलेला वाटतो, तसंच धरून पुढे लिहितो.

ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशी सगळ्या दाण्यांवर सारख्या पसरत नाहीत. हुमणीनं कुरतडलेली एखादी शेंग, पावसानं ओढ दिल्यावर जमिनीतच सुकलेली एखादी, खुरप्याचा घाव बसलेली एखादी, अशा निवडक ठिकाणी त्या घुसतात. बाकीचे हजारो दाणे निर्मळ असतात. पण बाधलेला दाणा किती बाधलेला असावा? एकेका दाण्यात दहा लाख पीपीबीच्या वर विष सापडल्याच्या नोंदी १९६० च्या दशकापासून आहेत. अर्ध्या ग्रॅमच्या अशा एका दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष असतं. १० च्या मर्यादेनं भागून बघा, तो एकटा दाणा ५० किलोची अख्खी गोणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो.

आता थोडं सौम्य उदाहरण घेऊन हिशेब मांडू. दर दहा हजार दाण्यांत एक बाधलेला आणि त्यात एक लाख पीपीबी. दाणा अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे त्यात ५० मायक्रोग्रॅम. दहा हजार दाण्यांचं वजन पाच किलो. पाच किलोत ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे लॉटची खरी सरासरी बरोबर १० पीपीबी. तुम्ही अर्धा किलो काढलंत, साधारण हजार दाणे. त्यात तो दाणा येण्याची शक्यता दहात एक. दहापैकी नऊ वेळा रिपोर्ट येईल ‘आढळले नाही’. दहाव्या वेळी ५० मायक्रोग्रॅम अर्ध्या किलोत, म्हणजे १०० पीपीबी. खरा आकडा १० आहे आणि १० लिहिलेला रिपोर्ट तुम्हाला कधीच मिळणार नाही!

प्रत्यक्षात थोडे कमी बाधलेले दाणेही असतात, म्हणून शून्य आणि शंभरऐवजी ३ आणि ४१ असे आकडे दिसतात. तत्त्व तेच. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातली सगळी शितं सारखीच शिजलेली असतात. शेंगदाण्याच्या गोणीत तसं काही नसतं.

हाच हिशेब नमुना वाढवून करा. पाच किलो घेतले तर बाधलेला एकही दाणा न येण्याची शक्यता साधारण ३७ टक्के उरते. २० किलो, म्हणजे चाळीस हजार दाणे घेतले तर ती दोन टक्क्यांच्या आत येते. तरीसुद्धा २० किलोच्या नमुन्यात सरासरी चार बाधलेले दाणे अपेक्षित असतात, कधी दोन येतील, कधी सहा. म्हणजे निकाल ५ ते १५ च्या दरम्यान डोलत राहतो. एवढं करूनही एवढी अनिश्चितता राहते हे ज्याला पटलं त्याला अर्ध्या किलोच्या रिपोर्टची किंमत कळली. शेंगदाण्याच्या नमुन्यावर अमेरिकेत दीर्घकाळ संख्याशास्त्रीय काम केलेले टॉमस व्हिटेकर हेच सांगत आले: मोजमापातली सर्वांत मोठी चूक नमुना काढताना होते, विश्लेषणात ती त्या मानानं किरकोळ असते. त्याच कामाच्या आधारावर अमेरिकेत एका लॉटमधून सुमारे २२ किलोचे तीन नमुने काढायची पद्धत बसली.

तुमच्या तीन आकड्यांचा अर्थ मी असा लावेन. तीन पिशव्या मिळून तो एका गोणीचा दीड किलोचा एकच नमुना आहे, सरासरी साधारण १५. त्यावरून आठ टनांबद्दल काहीच ठरत नाही. पण तिन्ही आकड्यांचं वजन सारखं नाही हे लक्षात घ्या. ४१ आला, म्हणजे बाधलेले दाणे मालात नक्की आहेत. ‘आढळले नाही’ आलं, म्हणजे त्या पिशवीत ते नव्हते, बस. खरेदीदाराला फक्त तिसरा रिपोर्ट दाखवायचा मोह होईल. कायदा आणि सचोटी क्षणभर बाजूला ठेवली, तरी त्यानं स्वतः वीस किलो काढून तपासलं तर तो रिपोर्ट तुमच्या काही कामाचा राहणार नाही.

आता नमुना. युरोपीय संघाच्या नियमात पाच ते दहा टनांच्या शेंगदाण्याच्या लॉटला ८० ठिकाणांहून, दर ठिकाणी सुमारे २०० ग्रॅम, असा १६ किलोचा एकत्रित नमुना सांगितलाय. पंधरा टन आणि त्यावरच्या लॉटला १०० ठिकाणं आणि २० किलो. तुम्हाला निर्यात करायची नसली तरी हीच पद्धत उचला. १६० गोण्या आहेत, तर एकाआड एक गोणी उघडा आणि प्रत्येकीतून २०० ग्रॅम घ्या. वरच्या तोंडातून मूठभर घेऊ नका. पोत्यात खुपसून दाणे काढायची पोकळ नळी मिळते, ती तिरपी मधोमध घाला, कारण हलवाहलवीत बारीक, पोचट आणि तुटके दाणे खाली उतरतात आणि विष बहुधा त्यांच्यातच असतं. थप्पीच्या आतल्या, भिंतीला टेकलेल्या, फरशीवरच्या गोण्याही यायला हव्यात. हमाल कुरकुर करतील. करू द्या.

याहून चांगला रस्ता आहे. माल निवडणीच्या पट्ट्यावर किंवा एका गोणीतून दुसऱ्या गोणीत ओतला जात असतो तेव्हा नमुना घ्यायचा. दर दोन गोण्यांमागे वाहत्या दाण्यांत आडवं भांडं धरून २०० ग्रॅम. वाहत्या मालात प्रत्येक दाण्याला नमुन्यात यायची सारखी संधी मिळते, थप्पीत ती कधीच मिळत नाही. माझ्या अनुभवात थप्पीतून नळीनं काढलेले आणि पट्ट्यावरून घेतलेले नमुने यांत मला दुसऱ्यावर जास्त भरवसा वाटतो, भले पट्टा चालवायला एक दिवस मोडो.

सोळा किलो काढले आणि त्यातले वरचे अर्धा किलो प्रयोगशाळेला दिले तर सगळी मेहनत पाण्यात. हे मी मुद्दाम ठासून लिहितो, कारण सर्वांत जास्त वेळा गाडी इथंच घसरते. सगळे सोळा किलो आधी दळले पाहिजेत आणि मग दळलेल्यातून थोडं घ्यायचं. अख्खे दाणे वाटले तर बाधलेला दाणा एकाच वाट्याला जातो, दळल्यावर त्याचं विष सगळ्या वाट्यांत पसरतं.

शेंगदाणा दळणं सोपं नाही. निम्म्याच्या आसपास तेल असतं. मिक्सरवर घरी करतो ते कूट प्रयोगशाळेच्या दृष्टीनं फार जाडंभरडं, आणि आणखी फिरवावं तर गरम होऊन त्याचा लगदा होतो. दोन उपाय आहेत. दाणे रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवून थोडे-थोडे, थांबून-थांबून दळायचे, सगळं एकत्र करून नीट कालवायचं. किंवा मोठ्या क्षमतेच्या यंत्रात दाण्यांच्या दीडपट ते दुप्पट पाणी घालून पातळ लगदा करायचा, ज्याला प्रयोगशाळेत स्लरी म्हणतात. दुसरी पद्धत सरस आहे, कण फार बारीक होतात आणि कालवण एकजीव होतं. फक्त हिशेबात पाणी विसरायचं नाही. दीडपट पाण्याच्या १०० ग्रॅम स्लरीत शेंगदाणा ४० ग्रॅमच असतो. स्लरी टिकत नाही, त्याच दिवशी तपासायला घ्यायची किंवा गोठवायची. दळताना तोंडाला मास्क हवा, शंकास्पद मालाची धूळ छातीत घेण्यात काही शहाणपण नाही.

प्रयोगशाळा निवडताना फी विचारण्याआधी विचारा: ‘तुम्ही एका वेळी किती किलो दळता?’ समोरून उत्तर आलं की ५०० ग्रॅम घेतो, त्यातले १०० दळतो, २५ ग्रॅम तपासतो, तर फोन ठेवा किंवा दळण तुम्ही करून द्या. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता पाहा, आणि ती शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनसाठी आहे का हे व्याप्तीच्या यादीत तपासा. मान्यता संस्थेला सरसकट नसते, ती चाचणीगणिक आणि पदार्थागणिक असते.

पुढचा भाग प्रयोगशाळेचा, तो थोडक्यात. दळलेल्या भागातून मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणानं विष काढतात, गाळून ते प्रतिपिंडं भरलेल्या छोट्या नळीतून सोडतात, नळी फक्त अफ्लाटॉक्सिन पकडते. मग ते एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर वेगवेगळं करून त्याच्या चमकेवरून मोजतात. बी म्हणजे अतिनील प्रकाशात निळं चमकणारं, जी म्हणजे हिरवं. एलसी-एमएस हे यंत्र असेल तर वस्तुमानावरून मोजतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, महाग मशीन आहे म्हणून रिपोर्ट खरा असा काही नियम नाही.

रिपोर्ट हातात आला की मी आकड्याच्या आधी इतर गोष्टी बघतो. पहिली, आकडा बी१ चा की बी१, बी२, जी१, जी२ यांच्या बेरजेचा? तुमच्या तीन रिपोर्टांत एक जरी फक्त बी१ चा निघाला तर तुलनाच चुकली. दुसरी, ‘आढळले नाही’ म्हणजे किती खाली? ज्या पद्धतीची मोजायची किमान पातळीच ५ आहे तिचं ‘आढळले नाही’ युरोपच्या २ साठी कवडीमोल. तिसरी, रिकव्हरी. स्वच्छ शेंगदाण्यात माहीत असलेलं विष मिसळून ते किती टक्के परत मिळतं हे प्रयोगशाळेनं पाहिलेलं असतं. १ ते १० पीपीबीच्या पट्ट्यात ७० ते ११० टक्के चालतं. रिकव्हरी ७५ टक्के असेल तर न सुधारलेला ३० हा आकडा सुधारून ४० होतो. रिपोर्टवर कुठला लिहिलाय ते विचारून घ्या. आणि शेवटी अनिश्चितता, अधिक-उणे किती ते.

एकच दळलेला नमुना दोन चांगल्या प्रयोगशाळांना दिला तरी आकडे जुळत नाहीत. या पातळीवर प्रयोगशाळांमधला फरक साधारण २२ टक्के धरायची रीत आहे. एकीनं ८ आणि दुसरीनं १२ लिहिलं तर मी कोणालाच दोष देणार नाही. ३ आणि ४१ मात्र अशा फरकात बसत नाही, तो फरक पिशव्यांमध्येच होता. प्रयोगशाळांवरचा संशय फेडायचाच असेल तर सोळा किलो दळून एकजीव करा, त्याचे तीन भाग करून त्याच तिघींना पाठवा, आणि एकीला तोच भाग वेगळ्या नावानं दोनदा द्या. आता जर ३ आणि ४१ आलं तर खुशाल भांडा.

इथवरचं सार एवढं: आकडा नमुन्याचा असतो, लॉटचा तो तेव्हाच होतो जेव्हा नमुना अनेक गोण्यांतून, भरपूर आणि पूर्ण दळून घेतलेला असतो.

आता पट्टी आणि टॉर्च. टॉर्चवर पैसे घालवू नका. मक्यात आणि सरकीत अतिनील प्रकाशाखाली जी हिरवट-पिवळी चमक दिसते ती मुळात अफ्लाटॉक्सिनची नसते. बुरशीनं तयार केलेलं कोजिक आम्ल दाण्यातल्या एन्झाइममुळे बदलतं, त्याची ती असते. मक्यात बुरशीची खूण म्हणून तिचा थोडा उपयोग होतो. शेंगदाण्यात तिच्यावर विसंबता येत नाही, चमकणारा दाणा निर्दोष आणि न चमकणारा विषारी असं सहज घडतं.

पट्टीचं तसं नाही. प्रतिपिंडांवर चालणारी पट्टी आणि तिचा रीडर, किंवा एलायझा किट, या चांगल्या गोष्टी आहेत. हैदराबादजवळच्या पाटनचेरू इथल्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं तर स्वस्त एलायझा चाचणी याच कारणासाठी विकसित केली की लहान संस्थांना परवडावी. गटानं पट्टी घ्यावी या मताचा मी आहे, पण काही अटींवर. किट शेंगदाण्यासाठी तपासून मान्य केलेलं हवं, मक्याचं किट शेंगदाण्यावर वापरलं की तेल आणि प्रथिनं आकडा बिघडवतात. पट्ट्या फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या. आकडा किटच्या वरच्या टोकाला गेला तर अर्क पातळ करून पुन्हा मोजायचा. दर वेळी सोबत एक स्वच्छ आणि एक माहीत असलेला बाधित नमुना चालवायचा. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची: तुमची स्वतःची रेषा कायद्याच्या रेषेच्या बरीच खाली ठेवा. खरेदीदाराला १० हवं असेल तर पट्टीवर ५ च्या वर आलेला माल मी ‘थांबा’ म्हणून बाजूला काढेन आणि प्रयोगशाळेत पाठवेन. पट्टीचा उपयोग चाळणीसारखा, दाखल्यासारखा नव्हे. आणि पट्टीलाही सोळा किलो दळलेलंच लागतं. स्वस्त चाचणी घेतली म्हणून नमुना स्वस्त होत नाही.

तुमच्या आठ टनांचं मी काय केलं असतं? सध्याच्या स्थितीत पुन्हा तपासणीवर पैसे घातले नसते. ४१ नं जे सांगायचं ते सांगून झालंय. आधी निवडणी. विष मूठभर दाण्यांत दाटलेलं असतं ही मोजणाऱ्याची डोकेदुखी आहे, पण निवडणाऱ्याची तीच सोय आहे. सुरकुतलेले, पोचट, रंग बदललेले, किडके, फुटके आणि शेंगा फोडण्याआधीच टरफलातून सुटलेले दाणे बाहेर काढले की विषाचा मोठा वाटा बाहेर जातो. हातानं निवडा किंवा रंगावरून दाणे निवडणाऱ्या यंत्रावर भाड्यानं करून घ्या. लाल साल काढलेल्या दाण्यांवर यंत्र आणखी चांगलं काम करतं, डाग उघडे पडतात. साल काढायची नसेल तर डोळस बायकांच्या हाताची निवडणी मी यंत्रापेक्षा कमी लेखत नाही.

निवडणी चालू असतानाच पट्ट्यावरून ८० वेळा नमुना घ्या, म्हणजे वेगळा दिवस लागणार नाही. शिवाय काढून टाकलेल्या दाण्यांचं वजन करा आणि त्यातलाही एक नमुना स्वतंत्र तपासा. हे फारसं कोणी करत नाही, पण मला त्यातून सर्वांत जास्त कळतं. टाकाऊ भागात शेकड्यांत किंवा हजारांत पीपीबी आलं आणि निवडलेल्या मालात ४ आलं, तर निवडणी खरंच कामाला आली असं समजा. टाकाऊ भागातही कमी आलं आणि निवडलेल्या मालातला आकडा होता तेवढाच राहिला, तर बाधा डोळ्यांना न दिसणाऱ्या दाण्यांत आहे आणि पुन्हा पट्ट्यावर घालून फार काही साधणार नाही.

भाजल्यावर जातं का, हेही लोक विचारतात. भाजण्यानं काही भाग कमी होतो, किती ते तापमान आणि वेळेवर ठरतं, पण त्या भरवशावर मोजमाप सोडून देण्याइतका नाही.

टाकाऊ दाणे घाण्यावर द्यायचे नाहीत, इथं मी हटवादी आहे. तेल काढल्यावर विषाचा बहुतेक भाग पेंडीत राहतो आणि निम्मं वजन तेलाच्या रूपानं गेल्यामुळे पेंडीतलं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. न शुद्ध केलेल्या घाण्याच्या तेलातही थोडं उतरतं. रिफाइंड तेलात ते अल्कली आणि ब्लीचिंग मातीच्या टप्प्यांवर निघून जातं, घाण्याच्या तेलाला ते टप्पेच नाहीत. पेंड गाईला घातली की बी१ चा एक-दोन टक्के भाग, भरपूर दूध देणाऱ्या गाईत सहापर्यंत, एम१ या त्याच्याच बदललेल्या रूपात दुधात येतो. दुधाची मर्यादा आपल्याकडे अर्धा पीपीबी आहे आणि पशुखाद्याच्या भारतीय मानकात बी१ साठी २०. हे विष पहिल्यांदा ओळखलं गेलं तेच खाद्यामुळे: १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले आणि माग काढत गेल्यावर ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड सापडली.

पुढच्या हंगामासाठी दोनच गोष्टी सांगतो, बाकी शेतीची मंडळी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मोजा ते मिसळण्याआधी. पाच गावांचा माल एकत्र केला की एका गावाची बाधा पाचही गावांना डसते आणि कोणाचा माल होता हे कळायची सोय उरत नाही. प्रत्येक शेतकऱ्याचा स्वतंत्र तपासणं परवडणार नाही हे मान्य. पण शेंगा भरायच्या शेवटच्या महिना-दीड महिन्यात ज्यांच्या शेताला पाणी मिळालं ते एका बाजूला आणि ज्यांच्या शेतात ओढ बसली ते दुसऱ्या बाजूला, एवढे दोन ढीग तर करता येतील. उष्णता आणि पाण्याचा ताण एकत्र आला की बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते. काढणीनंतर मोजमापाचा खर्च या दुसऱ्या ढिगावर जास्त करा.

दुसरी गोष्ट पाणी मारण्याची. शेंगा फोडताना दाणे तुटू नयेत म्हणून आदल्या दिवशी शेंगांवर पाणी शिंपडायची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि वजन वाढतं म्हणून ती कोणाला खुपतही नाही. त्यानंतर दाणे पुन्हा वाळवले नाहीत तर आजचा चांगला रिपोर्ट महिन्याभरानं लागू राहत नाही, कारण बुरशीला तुम्ही पुन्हा पाणी दिलंय. दाण्यांची ओल सात टक्क्यांच्या आत आणि शेंगांची नऊच्या आत असेल तरच आकडा टिकतो. म्हणून अफ्लाटॉक्सिनच्या रिपोर्टसोबत त्याच दिवशीची ओल लिहून ठेवा. ओल मोजायचं यंत्र पट्टीच्या रीडरपेक्षा स्वस्त आहे आणि दोन्हींपैकी एकच घ्यायचं म्हटलं तर मी आधी तेच घ्यायला सांगेन. एकदा तयार झालेलं विष मात्र माल वाळवून कमी होत नाही.

खरेदीदाराशी बोलताना नुसतं ‘१० च्या आत’ यावर सही करू नका. करारात लिहून घ्या: नमुना कोण काढणार, तुमच्या गोदामात की त्याच्या, किती ठिकाणांहून आणि किती किलो, तो पूर्ण दळायचा की नाही, आकडा रिकव्हरी सुधारून की न सुधारता, आणि वाद झाला तर कोणत्या प्रयोगशाळेचं मानायचं. दळून एकजीव केलेल्या नमुन्याचे तीन सीलबंद भाग करा. एक तपासायला, एक त्याच्याकडे, एक तुमच्या डीप फ्रीजरमध्ये, वर दोघांच्या सह्या आणि तारीख.

निवडणीनंतरचे दोन्ही रिपोर्ट आले, चांगल्या मालाचा आणि टाकाऊचा, की इथंच टाका. सोबत निवडून काढलेल्याचं वजन आणि ओलीचा आकडा लिहायला विसरू नका, त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.